आरोग्यसंरक्षणाचे नूतनीकरण : वसई-विरारच्या संदर्भात एक विवेचन

१. विषयप्रवेश

अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांस शासकीय योजनांतून मिळणाऱ्या आरोग्यसंरक्षणाची चर्चा आपल्याकडे बहुधा दोन प्रश्नांच्या अनुरोधाने होते. संरक्षण कोणास द्यावे, हा पहिला प्रश्न. आणि किती द्यावे, हा दुसरा. तिसरा एक प्रश्न मात्र कारकुनी तपशील समजून सोडून दिला जातो. एकदा दिलेले संरक्षण पुढील वर्षी चालू राहावयाचे ते कोणाच्या कृतीने? कुटुंबाने काही करावे तेव्हा ते चालू राहते, की कोणी काही न केल्यास ते आपोआप चालू राहते? या प्रश्नालाच प्रस्तुत लेखात नूतनीकरणाचा प्रश्न असे म्हटले आहे.

सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ साली सादर केलेल्या अहवालात, पैसे देण्याची ऐपत नाही एवढ्या कारणाने कोणीही पुरेशा वैद्यकीय मदतीस मुकू नये, असे तत्त्व सांगितले होते. आज या तत्त्वाचा उघड इन्कार कोणी करीत नाही. परंतु ऐपतीअभावी नव्हे, तर कागदाअभावी उपचारास मुकण्याचा एक नवा प्रकार मधल्या काळात निर्माण झाला आहे. संरक्षण खंडित होते तेव्हा गरज संपलेली असतेच असे नाही. पुष्कळदा केवळ पुराव्याची मुदत, नोंद वा पत्ता संपलेला असतो. नूतनीकरणाचा भार ज्या पक्षावर टाकला जातो त्या पक्षाच्या दुबळेपणाइतकेच संरक्षणही दुबळे राहते, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

या विवेचनासाठी वसई-विरारचा परिसर निवडण्याचे कारण असे की, नूतनीकरणाचे भिन्न प्रकार येथे अगदी शेजारी शेजारी आढळतात. वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि भोवतालची गावे एकत्र करून ३ जुलै २००९ रोजी येथे महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक भरली. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला व वसई तालुका त्यात गेला. पश्चिमेस पापडी, निर्मळ, आगाशी, अर्नाळा ही बागायती व मच्छीमारांची जुनी गावे. मध्ये लोहमार्गाच्या दोहों अंगांस दाटलेल्या चाळी व इमारती. पूर्वेस वालीव-गोखिवऱ्याचे कारखाने आणि त्यांच्याही पलीकडे पारोळ-भाताण्याच्या बाजूचे आदिवासी पाडे, अशी या भूभागाची सामान्य रचना आहे. कारखान्यातील कामगार, चाळीतील स्थलांतरित कुटुंब आणि पाड्यावरील मजूर यांचे आरोग्यसंरक्षण तीन निरनिराळ्या वाटांनी चालू राहते वा खंडित होते.

२. वर्गणीने होणारे नूतनीकरण

या वाटांपैकी सर्वांत जुनी वाट कामगार राज्य विमा योजनेची. औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याविषयी प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ साली अहवाल दिला. त्यावरून १९४८ चा कायदा झाला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजनेस आरंभ झाला आणि १९५४ साली ती मुंबईत आली. साधारणतः १० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांस ती लागू होते.

या योजनेत कामगारास नूतनीकरणाचा अर्ज करावा लागत नाही. वेतनातून वर्गणी कापली गेली व मालकाने आपला हिस्सा भरला की हक्क पुढे चालू राहतो. १ जुलै २०१९ पासून मालकाची वर्गणी वेतनाच्या ३.२५ टक्के व कामगाराची ०.७५ टक्का अशी ठरविण्यात आली. वर्षाचे दोन वर्गणीकाल केलेले आहेत. एप्रिल ते सप्टेंबर या कालातील वर्गणीवर पुढील जानेवारी ते जूनचे लाभ अवलंबून असतात, तर ऑक्टोबर ते मार्चमधील वर्गणीवर जुलै ते डिसेंबरचे. आजारपणाचा रोख भत्ता मिळण्यासाठी वर्गणीकालात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. हक्क आणि वर्गणी यांच्यामध्ये तीन महिन्यांचे अंतर ठेवण्यात आडारकरांच्या काळापासूनचे एक शहाणपण दिसते. काम सुटले त्या दिवशीच संरक्षण संपू नये, ही त्यामागील दृष्टी होय.

नूतनीकरणाची ही रीत सर्वांत सुलभ आहे, यात शंका नाही. परंतु तिचा सारा आधार मालकाच्या नोंदवहीवर आहे. वसई पूर्वेकडील लहान गाळ्यांत दहापेक्षा कमी माणसे कामास असतात, तेथे योजना पोचतच नाही. कंत्राटी कामगार एका कंत्राटदाराकडून दुसऱ्याकडे जातो तेव्हा त्याचा विमाक्रमांक तोच राहत असला, तरी मधल्या काळातील वर्गणीत खंड पडतो. मालकाने नावच नोंदविले नाही, तर कामगाराला ते कळावयाचे तेही बहुधा आजार आल्यावरच. म्हणजे येथे भार कुटुंबावर नाही हे खरे. तो ज्याच्यावर आहे त्याने तो टाळल्यास फळ मात्र कुटुंबास भोगावे लागते.

३. वार्षिक नोंदणीने होणारे नूतनीकरण

असंघटित क्षेत्रातील दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी केंद्र शासनाने २००८ साली राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना सुरू केली. पाच जणांच्या कुटुंबास वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचार आणि नोंदणीपोटी कुटुंबाकडून केवळ ३० रुपये, अशी तिची रूपरेषा होती. विमाहप्ता शासन भरीत असे. गावोगावी शिबिरे भरवून, बोटांचे ठसे व छायाचित्रे घेऊन कुटुंबास तेथल्या तेथे स्मार्ट कार्ड दिले जाई. त्या काळी या तंत्राची वाखाणणी झाली, आणि ती अवास्तव नव्हती.

तथापि विम्याची मुदत एक वर्षाची होती व दर वर्षी कुटुंबाने पुनः शिबिरास उपस्थित राहून नोंदणी नवी करणे अपेक्षित होते. ३० रुपये ही रक्कम क्षुल्लक. परंतु नूतनीकरणाची खरी किंमत ती नव्हेच. एका दिवसाची बुडालेली मजुरी, जाण्यायेण्याचा खर्च, शिबिराची तारीख कळण्याची अनिश्चितता आणि त्या दिवशी कुटुंब गावात असण्याची आवश्यकता, ही ती किंमत होय. अर्थशास्त्रात ज्यास व्यवहारखर्च म्हणतात तो येथे रकमेच्या कित्येक पट होतो आणि तो सर्वांत गरीब कुटुंबास सर्वांत जड जातो.

पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याकडील मजुरांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. दिवाळीनंतर ही कुटुंबे वीटभट्ट्या व बांधकामांसाठी वसई-भिवंडीकडे येतात आणि पावसाच्या तोंडाशी पाड्यावर परततात. कोरड्या ऋतूत शिबिर भरविणे अधिकाऱ्यांस सोयीचे असते, कारण रस्ते मोकळे असतात. पण त्याच ऋतूत लाभार्थी पाड्यावर नसतो. भट्टीवर शिबिर भरविले तर त्याचे नाव त्या ठिकाणच्या यादीत नसते. अशा योजनेतून माणूस वगळला जातो तो अपात्र ठरल्यामुळे नव्हे, तर शासनाचे पंचांग व मजुराचे पंचांग जुळत नाही म्हणून.

४. कराराने होणारे नूतनीकरण

महाराष्ट्र शासनाने २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना प्रथम आठ जिल्ह्यांत सुरू केली व २०१३ च्या अखेरीस ती राज्यभर नेली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालू लागली आणि १ एप्रिल २०२० पासून आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेशी तिची सांगड घालण्यात आली. तिचे वैशिष्ट्य असे की, कुटुंबास नोंदणी नको, हप्ता नको आणि वार्षिक नूतनीकरणही नको. ज्याच्यापाशी पिवळी वा केशरी शिधापत्रिका आहे तो संरक्षित, एवढाच नियम होता. नूतनीकरण करावयाचे ते राज्य आरोग्य हमी सोसायटीने विमाकंपनीशी. करार नवा झाला, हप्ता भरला गेला, की लाखो कुटुंबांचे संरक्षण त्यांच्या नकळत पुढे चालू राही.

तत्त्वतः ही रचना पूर्वीच्या दोहोंहून श्रेष्ठ आहे. ज्यास लिहितावाचता येत नाही, ज्याचा पत्ता स्थिर नाही, ज्यास सुट्टी परवडत नाही, त्याच्याकडून येथे काही मागितले जात नाही. नूतनीकरणाचे काम ज्या यंत्रणेजवळ कर्मचारी, दप्तर व निधी आहे तिने पत्करले आहे. परंतु या रचनेत एक दोष लपून राहतो. वार्षिक नोंदणीच्या योजनेत कागदातील उणीव शिबिरातच उघडकीस येते व माणूस निरोगी असताना ती दुरुस्त करता येते. कराराच्या योजनेत ती उणीव उघडकीस येते ती रुग्णालयाच्या दारात, आरोग्यमित्रासमोर कागद ठेवले जातात तेव्हा. तातडीच्या प्रसंगी प्राथमिक कळविण्यावरून उपचार सुरू करण्याची सोय योजनेत ठेवलेली आहे. पण कागद पुढे द्यावेच लागतात आणि नातेवाइकांपैकी एकजण रुग्णाजवळ व दुसरा तहसील कार्यालयात, असा प्रसंग ओढवतो.

५. पुराव्याचे नूतनीकरण

याचा अर्थ असा की, कराराने होणाऱ्या योजनेतही नूतनीकरण नाहीसे झालेले नाही. ते आरोग्य खात्यातून निघून पुरवठा खात्यात जाऊन बसले आहे. शिधापत्रिका हा मुळात धान्यवाटपाचा कागद. महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून तिरंगी शिधापत्रिकांची पद्धत आली. वार्षिक उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत असल्यास पिवळी, त्यापुढे १ लाखापर्यंत केशरी व त्याहून अधिक असल्यास पांढरी, अशी ही विभागणी होती. धान्यासाठी केलेल्या या वर्गवारीवर तेरा वर्षांनी आरोग्याचा हक्क उभा करण्यात आला. परिणामतः शिधापत्रिकेतील प्रत्येक जुनी चूक ही आरोग्यसंरक्षणातील चूक ठरली.

नालासोपारा पूर्वेच्या एखाद्या चाळीतील कुटुंब कल्पून पाहू. कर्ता पुरुष रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबईस आला, गिरणगावात राहिला, पुढे जागा परवडेना म्हणून विरारच्या लोकलच्या मार्गावर सरकत सरकत येथे आला. शिधापत्रिका मुंबईच्या शिधावाटप कार्यालयाची. तेथून नाव कमी करून वसई तहसीलच्या पुरवठा शाखेत चढवावयाचे राहून गेले. सुनेचे नाव माहेरच्या पत्रिकेवर, नातवाचे कोणत्याच नाही. भाड्याची खोली दर अकरा महिन्यांनी बदलते, म्हणून पत्त्याचा पुरावाही दर अकरा महिन्यांनी जुना होतो. यांतील प्रत्येक गोष्ट साधी आहे आणि प्रत्येकीवर उपाय आहे. पण त्या सर्व एकाच दिवशी, रुग्ण खाटेवर असताना, निस्तरावयाच्या झाल्यास त्या साध्या राहत नाहीत.

उत्तर प्रदेश वा बिहारमधून आलेल्या कुटुंबाची अडचण याहून वेगळी आहे. केंद्रीय योजना सहभागी राज्यांत कोठेही लागू पडते, ही तिची मोठीच जमेची बाजू. परंतु २०१८ साली ती सुरू झाली तेव्हा तिच्या लाभार्थ्यांची यादी प्रामुख्याने २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातिनिहाय गणनेवरून घेण्यात आली. त्यानंतर वेगळी झालेली चूल, नवा विवाह, नवे मूल हे त्या मूळ यादीच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हते. ज्या नगराची वाढच प्रामुख्याने स्थलांतराने झाली त्या नगरात अशा गोठलेल्या यादीची उपयुक्तता वर्षागणिक घटत जाणार, हे उघड आहे.

२८ जुलै २०२३ च्या शासननिर्णयाने व पुढे १ जुलै २०२४ पासूनच्या अंमलबजावणीने महाराष्ट्रातील सर्व कुटुंबांस, पांढऱ्या शिधापत्रिकेसह, ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देण्यात आले आणि उपचारांची संख्या १,३५६ करण्यात आली. हा बदल मूलगामी आहे. उत्पन्नाची अट गेल्यामुळे पात्र कोण, हा वादच मिटला. तथापि पात्रतेची अट गेली तरी पुराव्याची राहिली. आयुष्मान कार्ड काढण्यासाठी आधारची पडताळणी व शिधापत्रिकेचा १२ अंकी संगणकीय क्रमांक यांची सांगड घालावी लागते. २०२४ व २०२५ या वर्षांत शिधापत्रिकाधारकांच्या ई-केवायसीची मोहीम चालली व तिची मुदत वारंवार वाढवावी लागली. विटा उचलून वा मासळी हाताळून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत अशांना ठशांची पडताळणी ही किती मोठी अडचण असते, हे स्वस्त धान्य दुकानाच्या रांगेत उभे राहिलेल्या कोणासही ठाऊक आहे.

६. मर्यादांचे नूतनीकरण

आतापर्यंत कुटुंबाकडून अपेक्षिलेल्या नूतनीकरणाचा विचार केला. शासनाने करावयाचे एक नूतनीकरण असते, त्याचाही येथे निर्देश केला पाहिजे. केशरी पत्रिकेची १ लाखाची मर्यादा १९९९ ची. २०१२ साली आरोग्य योजना आली तेव्हाही तीच गृहीत धरली गेली. संरक्षणाची दीड लाखाची रक्कम २०१२ साली ठरली व एक तप होत आले तोपर्यंत सामान्य उपचारांसाठी तीच राहिली. आठवड्यातून दोनतीनदा डायलिसिस करावे लागणाऱ्या रुग्णाच्या कुटुंबास विमावर्ष संपण्यापूर्वीच ही रक्कम संपण्याचे भय असे. कामगार विम्याची वेतनमर्यादा १ जानेवारी २०१७ पासून २१,००० रुपये करण्यात आली. वेतन या मर्यादेपलीकडे गेल्यास चालू वर्गणीकाल संपेपर्यंत कामगार योजनेत राहतो, त्यानंतर बाहेर पडतो. महागाईपोटी वाढलेल्या वेतनाने त्याची स्थिती सुधारतेच असे नाही. संरक्षण मात्र जाते.

येथे एक विषमता स्पष्ट दिसते. कुटुंबाने आपला कागद मुदतीत नवा केला नाही तर त्याचा हक्क थांबतो. शासनाने आपली मर्यादा मुदतीत नवी केली नाही तर त्याचाही परिणाम म्हणून कुटुंबाचाच हक्क आक्रसतो. दोन्ही बाजूंच्या विलंबाचा दंड एकच पक्ष भरतो.

७. आक्षेप व त्याचा विचार

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, पडताळणी सोडून दिल्यास अपात्र लोक लाभ घेतील, मृतांची नावे यादीत राहतील व सार्वजनिक पैशाचा अपव्यय होईल. आक्षेप गंभीर आहे. कॉर्निया व स्ट्यूअर्ट यांनी १९९३ साली लक्ष्याधारित योजनांतील दोन चुकांचे विवेचन केले. गरजूस वगळणे ही एक चूक आणि गरज नसलेल्यास सामावणे ही दुसरी. पहिली कमी करू जावे तर दुसरी वाढते, व उलटही. पडताळणी दुसऱ्या चुकीवर नजर ठेवते. पहिली चूक तिच्या हिशेबात दिसतच नाही, कारण वगळलेला माणूस दप्तराबाहेर गेलेला असतो.

पडताळणीत नेमके काय निष्पन्न होते याचा मोठा अनुभव अलीकडे अमेरिकेत आला. तेथील अल्प उत्पन्न गटाच्या मेडिकेड योजनेत महासाथीच्या काळात नावे वगळण्यास बंदी होती. ३१ मार्च २०२३ रोजी ती उठली व नियमित नूतनीकरण पुनः सुरू झाले. पुढील सुमारे दीड वर्षात अडीच कोटींहून अधिक लोकांची नावे वगळली गेली. त्यांपैकी दहांत सुमारे सात जण अपात्र ठरले म्हणून नव्हे, तर अर्ज परत न आल्याने, पत्ता चुकल्याने व तत्सम कार्यपद्धतीच्या कारणांनी गेले. उलटपक्षी, शासनाजवळ आधीच असलेल्या माहितीवरून, कुटुंबास काहीही न विचारता, अनेकांचे नूतनीकरण तेथेच करता आले. थायलंडने २००२ च्या कायद्याने तर याहून सोपी वाट धरली. अन्य योजनांत नसलेला प्रत्येक नागरिक करातून चालणाऱ्या सार्वत्रिक योजनेत समाविष्ट, असे ठरवून त्यांनी वार्षिक पात्रतेचा प्रश्नच काढून टाकला. २०२४ नंतरचा महाराष्ट्र तत्त्वतः या वाटेवर आला आहे. कार्यपद्धती मात्र पहिल्या वाटेवरच रेंगाळते आहे.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही व्यवहार्य सूचना निघतात. पहिली अशी की, मौनाचा अर्थ संमती असा धरावा. कुटुंबाकडून उत्तर आले नाही तर संरक्षण चालू राहावे. ते थांबवावयाचे ते अपात्रता वा मृत्यू प्रत्यक्ष सिद्ध झाल्यावरच. दुसरी, ज्या नोंदी शासनाजवळ आहेतच त्या पुनः मागू नयेत. महानगरपालिकेत जन्माची नोंद झाली की ते मूल आईच्या आरोग्यपत्रात आपोआप चढावे. कामगार विम्यातून नाव निघाले की ते राज्य योजनेत कार्ड काढण्यासाठी आपोआप कळविले जावे. तिसरी, जेथे माणसाची उपस्थिती अपरिहार्य आहे तेथे यंत्रणेने त्याच्या वेळी व त्याच्या ठिकाणी जावे. पूर्वेच्या पाड्यांवर पावसाळ्यात, भट्ट्यांवर उन्हाळ्यात, चाळींत रविवारी. चौथी, नाकारलेल्या प्रकरणांचा हिशेब कारणवार प्रसिद्ध व्हावा. अपात्र म्हणून किती व कागद अपुरा म्हणून किती, हे दोन आकडे वेगळे दिसले पाहिजेत.

पदव्युत्तर अभ्यासकांस येथे संशोधनास विस्तृत क्षेत्र आहे. पश्चिमेची गावे, लोहमार्गालगतच्या वसाहती व पूर्वेचे पाडे यांतून कुटुंबे निवडून, घरात किती माणसे व पत्रिकेवर किती नावे, शेवटचे नाव कधी चढले, त्यासाठी किती खेपा झाल्या व किती दिवसांची मजुरी बुडाली, एवढे चार प्रश्न जरी काळजीपूर्वक विचारले, तरी नूतनीकरणाची खरी किंमत रुपयांत मांडता येईल. योजनेचा खर्च किती, हे शासनाच्या अंदाजपत्रकात सापडते. ती चालू ठेवण्यासाठी गरीब कुटुंब स्वतः किती खर्च करते, हे कोणत्याही अंदाजपत्रकात नाही. आणि तो आकडा पुढे आल्याशिवाय भार कोणावर टाकला गेला आहे, याचा न्याय्य निवाडा होणार नाही.